आले किती, गेले किती, मेले किती

नमस्कार. मला विषय दिला होता 'मुक्या जिवांची सेवा', पण मी आयोजकांना म्हटलं सेवेवर बोलायला भरपूर लोक मिळतील, मला हिशोबावर बोलू द्या. जरा कोरडं होईल, चालवून घ्या. आमचं भटक्या प्राण्यांचं शेल्टर छोटं आहे, गावाबाहेर, लोकवर्गणीवर चालतं. अशा ठिकाणी आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो की पैसे जातात कुठे? विचारायलाच पाहिजे. पण त्याला लागूनच दुसरा एक प्रश्न आहे जो जवळपास कुणीच विचारत नाही, की प्राणी जातात कुठे?

पैशाचं आधी उरकतो, कारण तिथं कायदा बऱ्यापैकी मागे लागलेला असतो. महाराष्ट्रात ट्रस्ट म्हटला की 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला, दरवर्षी ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात भरा, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्या. देणगीवर आयकरात सवलत पाहिजे तर 2000 रुपयांच्या वर रोख देऊ नका, बँकेतून पाठवा. आणि तुमचा भाचा तिकडे न्यूजर्सीत असेल, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं असेल, आणि तो म्हणाला मामा पन्नास डॉलर टाकतो तुमच्या कुत्र्यांसाठी, तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेताच येत नाहीत, आणि नोंदणी असली तरी ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. लोकांना वाटतं आम्ही नखरे करतोय. नाही हो, नियमच तसा आहे.

आता प्राण्यांचं. रजिस्टर सगळेच ठेवतात. पण ते जुळतं का? समजा महिन्याच्या 1 तारखेला शेल्टरमध्ये 80 कुत्री होती, महिनाभरात 40 आली. 15 अडॉप्शनला गेली, 12 बरी होऊन जिथून उचलली तिथं परत सोडली, 9 मेली. म्हणजे शेवटी 84 पाहिजेत. तुम्ही मोजायला गेलात आणि 79 भरली. मग ती पाच कुठायत? भिंतीवरून उडी मारून पळाली, का कुणी फॉस्टरला, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, घरी नेली आणि लिहायचं राहिलं, का रात्रीत मेली आणि सकाळी खड्डा करून पुरली आणि वहीत आलीच नाहीत? कॅशबुकात पाचशे रुपये कमी आले तर खजिनदाराला धारेवर धरतात, इथं पाच जीव कमी आले तर 'अहो एवढी कुत्री, होतं असं' म्हणून विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे जुळलं पाहिजे आणि जुळलेलं लोकांसमोर लावलं पाहिजे, मेलेल्यांच्या आकड्यासकट.

मेलेल्यांच्या आकड्याला सगळे घाबरतात. देणगी बंद होईल म्हणतात. पण नुसता आकडा बघून काही कळतही नाही हे पण खरंय. हायवेवर ट्रकखाली आलेली, जखमेत आळ्या पडून आठवडा झालेली, गोचिडतापानं रक्त संपलेली कुत्री जो घेतो त्याच्याकडे मरणारच जास्त, आणि जो फक्त गोंडस पिल्लं घेतो त्याचं रजिस्टर छान दिसणार. म्हणून जनावर आलं तेव्हा कसं होतं ते पहिल्याच दिवशी लिहायचं, अपघात, आजारी, आईविना पिल्लू, का ठणठणीत. ठणठणीत आलेलं कुत्रं तीन आठवड्यांनी डिस्टेंपरनं, म्हणजे कुत्र्यांच्या एका साथीच्या रोगानं, गेलं तर तो मृत्यू आमचा. रस्त्यावर ते जगलं असतं कदाचित. त्याचं उत्तर आम्ही द्यायचं, क्वारंटाईन किती दिवस केलं होतं, लस कधी टोचली, एका केनेलमध्ये किती कोंबली होती. पार्वो हाही कुत्र्यांचा असाच जीवघेणा साथीचा रोग, त्याचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, फिनेल ओतून जात नाही, ब्लीच लागतं आणि तेही आधी घाण पूर्ण काढून. हे माहीत असून एकाच झाडूनं सगळे पिंजरे झाडणारी शेल्टरं आहेत, आणि वर 'देवाची इच्छा' म्हणतात!

अमेरिकेत 2004 साली कॅलिफोर्नियात असिलोमार म्हणून ठिकाण आहे तिथं बऱ्याच संस्था एकत्र बसल्या आणि आकडे एकाच नमुन्यात द्यायचे असं ठरवलं, आले किती, जिवंत बाहेर गेले किती, मारले किती. तिकडचा प्रश्न वेगळा, जागा नाही म्हणून निरोगी जनावरालाही इंजेक्शन देतात. आपल्याकडे भटक्या कुत्र्याला असं मारता येत नाही, वाचण्यासारखं नसलेलं, असाध्य आजाराचं असेल तरच, तेही पशुवैद्यकानं ठरवून. चांगलंच आहे. पण मग आपल्याकडे मारत नाहीत, कोंबतात. आणि कोंबल्यामुळे जे मरतं ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

दर कुत्र्यामागे इतके पैसे, असं मोजायचं प्रकरण आपल्याकडे जुनं आहे बरं का. 1832 मध्ये मुंबईत इंग्रज सरकार भटकी कुत्री मारायला कुत्र्यामागे बक्षीस द्यायचं, मग शिपाई बक्षिसासाठी लोकांच्या दारातली पाळलेलीसुद्धा ओढून न्यायला लागले, पारशी मंडळी भडकली, दंगल झाली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, मुंबईची पांजरपोळ निघाली, सर जमशेटजी जीजीभाई त्यात पुढे होते. ती चालायची गावातल्याच व्यापाऱ्यांच्या पैशावर, म्हणजे पैसे देणारा तिथंच राहणारा, जाता-येता डोकावून बघणारा. आत्ताचा देणगीदार मोबाईलवर रील बघतो आणि क्यूआर कोड स्कॅन करतो. त्याला दिसतं ते आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. मधे मेलेल्याचा फोटो कोण टाकतो? कुत्रं जाऊन महिना झालाय आणि त्याच्या ऑपरेशनची पोस्ट अजून फिरतेय, पैसे येतायत, असं मी पाहिलंय. ती सरळ फसवणूक आहे, मग ते पैसे दुसऱ्या कुत्र्यावर खर्च केले असले तरी.

नसबंदीच्या कामात मात्र कुणीतरी शहाणपणानं विचार केलाय. 2001 चे नियम होते, त्यांच्या जागी 2023 चे आले. जबाबदारी नगरपालिका-महापालिकेची, संस्था त्यांच्या वतीनं काम करते आणि बिल निघतं कुत्र्यामागे. परत कुत्र्यामागे! म्हणून मग ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव जपून ठेवायचे आणि मोजून दाखवायचे अशी पद्धत आहे. बिलात शंभर कुत्री असतील तर बरणीत शंभरांचे अवयव पाहिजेत. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण सार्वजनिक पैशाचा इतका रोखठोक पुरावा मला दुसऱ्या कुठल्या खात्यात दिसलेला नाही, रस्त्याच्या खड्ड्यांना अशी बरणी असती तर काय मजा आली असती.

आणि आता भार वाढणारे. सुप्रीम कोर्टानं 22 ऑगस्ट 2025 ला सांगितलं की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथली तिथं सोडा, रेबीजची आणि आक्रमक सोडून. मग 7 नोव्हेंबरला सांगितलं की शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची उचला आणि तिथं परत सोडू नका. तुम्हाला हे पटो न पटो, रजिस्टरच्या भाषेत याचा अर्थ असा की आत येणाऱ्यांत आता असेही असणार ज्यांना बाहेर जायचा रकानाच नाही. कोण अडॉप्ट करणार सात वर्षांचं बसस्टँडवरचं कुत्रं? ते मरेपर्यंत शेल्टरमध्येच. मग अशा जागेत काय चाललंय हे बघायला बाहेरचा माणूस गेलाच पाहिजे, नाहीतर गेटच्या आत काय होतंय कुणाला कळणार?

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीये, पिल्लं सापडली तर तुमच्याकडे आणू का. आई जवळपास असेल तर नका आणू. दूध पितंय तोवर आईपाशीच बरं, आम्हाला फोन करा, लसीचं आम्ही बघू. कितीही स्वच्छ असलं तरी शेल्टर म्हणजे आजारी जनावरांची जागा, आणि आमच्या मेलेल्यांच्या रकान्यात सगळ्यात लांब यादी पिल्लांचीच असते.

दुसरी चिठ्ठी, बघायला कधी यायचं. रविवारी सकाळी अकरा ते एक, आधी कळवायची गरज नाही. क्वारंटाईनमध्ये सोडणार नाही, तिथं जाळीच्या बाहेरूनच बघायचं, पार्वो चपलेवरून येतो. बाकी सगळं उघडंय, फ्रीजमधल्या लसीसुद्धा, त्यांच्या तारखा वाचा. गेल्या महिन्याच्या रजिस्टरची झेरॉक्स बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलीये, बेरीज करून बघा आणि नाही जुळली तर जायच्या आधी मला गाठा.