मुलाची पोटगी: रक्कम ठरते कशी

(पडद्यावर: वहीचं कोरं पान, मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘दरमहा’, उजवीकडे ‘वर्षातून एकदा’.)

आई-वडील वेगळे राहायला लागले की मुलाच्या खर्चाचं बोलणं बहुतेक वेळा एका ठोक आकड्यापासून सुरू होतं. एक म्हणतो पाच हजार, दुसरी म्हणते पंधरा. मग घासाघीस. मुलाला वर्षभर नेमकं किती लागतं, हे मात्र कुणी कागदावर मांडलेलंच नसतं. ते आधी मांडायचं.

आपल्याकडे मुलाच्या पोटगीसाठी कायद्यात कुठलंही कोष्टक नाही. ‘पगाराचे पंचवीस टक्के’ असं सर्रास सांगितलं जातं. ते प्रमाण पत्नीच्या पोटगीच्या निकालांतून आलेलं आहे, मुलाला ते आपोआप लागू होत नाही. न्यायालय पाहतं ते मुलाच्या गरजा, दोघांचं उत्पन्न आणि घर एक असताना मुलाचं राहणीमान कसं होतं ते.

आता हे पान भरू. आकडे केवळ उदाहरणासाठी. दरमहा: किराणा, दूध, फळं यांत मुलाचा वाटा 5,000 रुपये. घरभाड्यातला वाटा 4,000. क्लास 2,000, शाळेची व्हॅन 1,500, औषधपाणी 500. झाले 13,000. बरेच जण इथेच थांबतात, आणि हिशेब इथेच चुकतो. उजवा रकाना अजून रिकामा आहे. शाळेची फी 42,000, पुस्तकं आणि गणवेश 9,000, कपडे-चपला 6,000, आरोग्य विमा 3,000. वर्षाचे 60,000, म्हणजे महिन्याला आणखी 5,000. खरी बेरीज 18,000.

ही रक्कम दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायची. आई कमावती असेल तर तिचाही वाटा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या एका निकालात आई-वडिलांच्या पगारांकडे पाहून मुलांचा खर्च दोनास एक असा वाटून दिला होता. आपल्या उदाहरणात वडिलांच्या हातात 60,000 येतात, आईच्या हातात 30,000. वडिलांनी 12,000 द्यायचे, 6,000 आईने घालायचे. उजवा रकाना विसरला असता तर वडिलांचा वाटा 8,667 निघाला असता आणि वर्षाला सुमारे 40,000 रुपयांचा खड्डा आईला एकटीने भरावा लागला असता. जूनमध्ये फीवरून भांडणं पेटतात त्याचं कारण अनेकदा इतकं साधं असतं.

हातात येणारं उत्पन्न म्हणजे काय, यावर मोठा वाद होतो. प्राप्तिकर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी वजा होतो. स्वखुशीने वाढवलेली गुंतवणूक किंवा वेगळं झाल्यावर घेतलेल्या गाडीचा हप्ता पुढे करून पोटगी कमी करून मिळेल, या भरवशावर राहू नये. मूल महिन्यातले काही दिवस वडिलांकडे राहत असेल तर जेवणखाण थोडं कमी होतं. भाडं, फी, विमा तेवढेच राहतात. त्यामुळे दिवस मोजून सगळी रक्कम त्या प्रमाणात कापणं चूक आहे.

प्रकरण न्यायालयात गेलं तर रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे. समोरचा रोखीत धंदा करत असेल आणि उत्पन्न नाममात्र दाखवत असेल, तर बँकेचे उतारे, जीएसटीची विवरणपत्रं आणि कर्ज काढताना स्वतःच लिहून दिलेलं उत्पन्न मागवून घ्या. कर्जाच्या अर्जात माणूस सहसा उत्पन्न कमी दाखवत नाही. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, हेही याच निकालात स्पष्ट झालं. म्हणून ‘आधी बोलून बघू’ म्हणत वर्ष घालवू नये. बोलणी अर्ज केल्यावरही चालू ठेवता येतात.

अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. 1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं. आई-वडिलांचा धर्म कुठलाही असो, लग्न झालेलं असो वा नसो, मुलाचा हक्क तोच. अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात, म्हणून राहण्याचा आणि नोकरीचा असे दोन्ही पत्ते अचूक द्या.

संमतीने घटस्फोट घेताना ‘मला काही नको’ असं आई लिहून देते. ती स्वतःपुरतं लिहू शकते. मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. अटी लिहिताना पैसे जमा करायची तारीख, दरवर्षीची वाढ, दवाखान्याचा अचानक खर्च कसा वाटायचा आणि फी थेट शाळेत भरली तर ती पोटगीत धरायची की वेगळी, हे सगळं स्पष्ट लिहा. शेवटच्या मुद्द्यावरून फार वाद होतात: वडील म्हणतात फी भरली, आई म्हणते पोटगी थकली, आणि आदेशात त्याबद्दल ओळही नसते.

पैसे बँकेतूनच द्या, शेऱ्यात महिना लिहा. मुलाला भेटू दिलं नाही म्हणून पोटगी थांबवू नका आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत. नोकरी गेली तर रक्कम कमी करून घेण्यासाठी लगेच अर्ज करा. आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम चढतच राहते.

थकबाकी वसूल करायची तर कलम 144 खाली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वॉरंट काढूनही पैसे आले नाहीत तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगून ते देणं फिटत नाही.

कलम 144 खालची पोटगी साधारणपणे 18 वर्षांपर्यंत. अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला त्यानंतरही. अविवाहित हिंदू मुलीला पुढेही 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याचा आधार असतो. पण बारावी आणि कॉलेजचा मोठा खर्च नेमका अठराव्या वर्षाच्या आसपास येतो, तेव्हा तो कोण किती भरणार हे मूल लहान असतानाच अटींमध्ये लिहून घ्या.