पादुआ : डोळे उघडणारं गाव

नमस्कार श्रोतेहो.

व्हेनिस पाहून आलेली माणसं आता आपल्याकडे घरोघरी भेटतात. गोंडोल्यात बसायचं, सान मार्कोच्या चौकात फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस फ्लोरेन्सच्या वाटेला लागते. पहिल्या खेपेला माझंही तसंच झालं होतं. त्या वाटेवर, व्हेनिसपासून रेल्वेनं जेमतेम अर्ध्या तासावर, पादुआ नावाचं शहर आहे. तिथले लोक त्याला पादोवा म्हणतात. आमची बस त्याला बगल देऊन पुढे गेली होती, आणि ती हळहळ मनात राहिली होती. म्हणून दुसऱ्या खेपेला मी चार दिवस फक्त पादुआसाठी ठेवले.

पादुआचं विद्यापीठ 1222 सालचं. बोलोन्याच्या विद्यापीठातले काही शिक्षक आणि विद्यार्थी अधिक मोकळीक हवी म्हणून तिथून निघाले आणि इथे येऊन स्थिरावले. आठशे वर्षं झाली, विद्यापीठ चालू आहे. पण विद्यापीठाकडे जाण्याआधी मी तुम्हाला एका सावकाराच्या चॅपेलमध्ये नेणार आहे, कारण माझ्या मते पादुआची खरी शाळा तिथून सुरू होते.

रेजिनाल्दो स्क्रोव्हेन्यी हा पादुआचा बडा सावकार. त्याचं व्याज इतकं गाजलेलं की महाकवी दान्तेनं त्याला आपल्या काव्यातल्या नरकात, व्याजखाऊंच्या रांगेत बसवलं. त्याचा मुलगा एन्रिको. त्यानं 1300 साली रोमन काळातल्या जुन्या रंगमंडळाची जागा विकत घेतली, तिथे चॅपेल बांधलं आणि भिंती रंगवायला चित्रकार जॉत्तोला बोलावलं. 25 मार्च 1305 रोजी त्या चॅपेलचं पावित्र्यविधान झालं. बापाचं पाप धुऊन निघावं म्हणून मुलानं हे केलं असं सांगतात. मनातलं कोण सांगणार? पण दाराच्या वरच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं भलंमोठं चित्र आहे. त्यात एन्रिको गुडघे टेकून चॅपेलची प्रतिकृती अर्पण करतोय, आणि त्याच चित्रात पलीकडे, नरकात, स्वतःच्याच पैशाच्या थैल्यांच्या दोरीनं सावकार लटकलेले आहेत.

आत जाण्याची रीत ऐका. तिकीट आधी काढावं लागतं. एका वेळी पंचवीसच माणसं. आधी काचेच्या एका बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. आपल्या अंगाबरोबर आलेली दमट हवा आणि धूळ तिथे निवते, मग आतलं दार उघडतं. आणि चॅपेलमध्येही पंधराच मिनिटं. मला आधी हे फार कमी वाटलं होतं. आत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. सबंध छत निळं, त्यावर सोनेरी तारे. पहिली दोन मिनिटं त्या निळाईतच गेली.

आपल्याकडे भित्तिचित्र म्हटलं की अजिंठा आठवतो. पण अजिंठ्याच्या चित्रकारांनी सुकलेल्या लेपावर रंग लावले. जॉत्तोनं ओल्या गिलाव्यावर काम केलं. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा, आणि तो सुकायच्या आत चित्र पुरं करायचं. रंग गिलाव्यात मुरतो, भिंतीचाच होऊन जातो. निळा मात्र मागून, सुक्यावर लावावा लागे, म्हणून बऱ्याच जागी निळाच तेवढा झडलेला दिसतो. जवळ गेलात तर दोन दिवसांच्या कामामधला सांधाही डोळ्यांना सापडतो.

आता जुदासच्या चुंबनाचं चित्र. जुदास हा येशूचाच शिष्य, चुंबन घेऊन त्याला शत्रूंच्या हाती देणारा. मागे भाले, मशाली, गर्दी. मधोमध जुदासनं आपला पिवळा झगा येशूभोवती असा पसरलाय की येशूचं सगळं शरीर त्यात झाकून गेलंय, उरलाय फक्त चेहरा. दोन चेहरे, मध्ये वीतभरही अंतर नाही. येशू जुदासच्या डोळ्यांत सरळ पाहतोय. त्याला सगळं कळलेलं आहे. जुदासलाही ते कळलंय. जॉत्तोच्या आधी युरोपातल्या चित्रांत संत असत, देवदूत असत, पण ते बहुधा समोर, कुठेतरी दूर पाहत असत. इथे एक माणूस दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाहतोय.

त्याच ओळीत पुढे येशूच्या मृत्यूनंतरच्या शोकाचं चित्र आहे. आईनं मुलाच्या गळ्याखाली हात घालून त्याचा चेहरा आपल्या चेहऱ्याशी आणलाय. पुढे दोन बायका जमिनीवर बसल्यात, आपल्याकडे पाठ करून. त्यांचे चेहरे दिसतच नाहीत. त्या झुकलेल्या दोन पाठींतून दुःख जितकं कळतं, तितकं आकाशात आकांत करणाऱ्या देवदूतांकडूनही कळत नाही. ज्यानं कधी कुणाच्या घरी मयताला जाऊन मागच्या भिंतीशी उभं राहून पाहिलंय, त्याला या पाठी ओळखीच्या वाटतील.

आणि खाली, कमरेच्या उंचीवर, सद्गुण-दुर्गुणांच्या चौदा आकृत्या आहेत, दगडात कोरल्यासारख्या करड्या रंगात. त्यांतला मत्सर चुकवू नका. ती एक बाई आहे, पायाखाली आग, एका हातात थैली घट्ट धरलेली, आणि तिच्या तोंडातून निघालेला साप वळून तिच्याच डोळ्यांवर आलाय. आपण म्हणतो ना, दुसऱ्याचं चांगलं डोळ्यांत खुपतं. सातशे वर्षांपूर्वी पादुआच्या भिंतीवर तेच रंगवून ठेवलंय.

एक गोष्ट राहिलीच. येशूच्या जन्माला आलेल्या राजांच्या चित्रात गोठ्यावर जो तारा आहे, तो तारा नसून शेपटीवाला धूमकेतू आहे. 1301 साली हॅलेचा धूमकेतू आकाशात दिसला होता. तोच पाहून जॉत्तोनं हा रंगवला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. 1986 साली युरोपनं त्या धूमकेतूच्या जवळ यान पाठवलं, त्याचं नाव जॉत्तो ठेवलं होतं.

पंधरा मिनिटं संपली. बाहेर येऊन मी बागेतल्या बाकावर बसून राहिलो. लगेच दुसरं काही पाहावंसं वाटेना.

विद्यापीठाच्या जुन्या वाड्याला इथे ‘बो’ म्हणतात. बो म्हणजे बैल. त्या जागी पूर्वी बैलाच्या नावाची खाणावळ-सराई होती, तिचं नाव विद्यापीठाला चिकटलं ते कायमचं. या वाड्यात शरीरशास्त्राचं एक सभागृह आहे, 1595 साली उघडलेलं, या कामासाठी कायमचं बांधलेलं आणि आजवर टिकलेलं जगातलं सर्वांत जुनं. फाब्रिची या प्राध्यापकानं ते बांधून घेतलं. अक्रोडाच्या लाकडाचे लंबगोल कठडे, एकावर एक सहा मजले, वर रुंद होत जाणारे, नरसाळ्यासारखे. बसायला जागाच नाही. विद्यार्थी कठड्याला टेकून उभे राहायचे, ऐन थंडीत, मेणबत्त्यांच्या उजेडात, आणि खाली मधोमध टेबलावर शवविच्छेदन चालायचं. आज पाहुण्यांना खालून नेतात. म्हणजे ज्या ठिकाणी ते शव असे, तिथे आपण उभे राहतो आणि मान वर करून ती वर्तुळं पाहतो. माझ्या बरोबरच्या गटात शाळेची मुलं होती. तोवर त्यांची बडबड चालली होती, तिथे मात्र ती आपोआप गप्प झाली.

फाब्रिचीनं याच गावात रक्तवाहिन्यांमधल्या झडपांचं नीट वर्णन केलं. त्या कशासाठी आहेत ते मात्र त्याला उमगलं नाही. त्याचा एक इंग्रज विद्यार्थी 1602 साली इथून पदवी घेऊन गेला, विल्यम हार्वी. शरीरात रक्त फिरतं आणि हृदय ते ढकलतं, हे त्यानं 1628 साली छापून जगापुढे मांडलं. गुरूनं दाखवलेली झडप शिष्याच्या कामी आली.

त्याच वेळी गॅलिलिओ इथे गणित शिकवत होता. 1592 ते 1610, अठरा वर्षं. आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षं म्हणून त्यानं म्हातारपणी ती आठवली. तो ज्यावरून शिकवायचा असं सांगतात तो लाकडी चौथरा बोमध्ये ठेवलाय, ओबडधोबड, फळ्या ठोकून केलेला. 1609 च्या अखेरीस दुर्बिणीतून चंद्र पाहून त्यानं शाईच्या छटांनी त्याची चित्रं काढली. चंद्रावरचे डाग याआधीही लोकांना दिसत होतेच. पण दुर्बिणीतून दिसलेले काही बारीक डाग सावल्या आहेत, म्हणजे तिथे डोंगर आहेत, हे गॅलिलिओला कळलं, कारण त्याला चित्रकला येत होती. उजेड कुठून पडला की सावली कशी पडते, हे त्याचा हात जाणत होता. पुढे जानेवारी 1610 मध्ये याच गावाच्या आकाशात त्याला गुरूचे चंद्र दिसले.

मला पादुआ आवडलं ते यासाठी. चित्रकला एका गल्लीत आणि शास्त्र दुसऱ्या गल्लीत, असं इथे नाहीच. वैद्यकाच्या मुलांना औषधी झाडं ओळखता यावीत म्हणून 1545 साली इथे वनस्पतिउद्यान काढलं. नावं पाठ करून भागत नव्हतं, चुकीचं मूळ उगाळलं तर रोगी दगावायचा. झाडं चोरीला जाऊ लागली म्हणून मग भोवती गोल भिंत घातली. औषधी डोळ्यांनी पाहून, हातात घेऊन ओळखायची हीच धडपड त्याच शतकात आपल्या गोव्यातही चालू होती. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा हिंदुस्थानातल्या औषधींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला.

उद्यान अजून त्याच जागी आहे. तिथे 1585 साली लावलेला ताड आहे, त्याच्याभोवती काचघर बांधलंय. 1786 साली जर्मन कवी गटे त्याच्यासमोर उभा राहिला. खालची पानं साधी, वर जावं तशी चिरत गेलेली आणि शेवटी पंख्यासारखी उघडलेली, हे त्यानं पाहिलं. एकच पान रूपं बदलत सारं झाड घडवतं, हा त्याचा विचार त्या ताडाशी पक्का झाला. मीही पानं खालून वर मोजत गेलो.

बोच्या जिन्याशी एका स्त्रीचा पुतळा आहे. एलेना कोर्नारो पिस्कोपिया. तिला धर्मशास्त्राची पदवी हवी होती, बिशपनं बाई म्हणून नकार दिला, मग तत्त्वज्ञानाची मिळाली. 25 जून 1678 चा तो दिवस. गर्दी एवढी झाली की परीक्षा कॅथीड्रलमध्ये घ्यावी लागली. विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळवणारी जगातली पहिली स्त्री म्हणून तिची नोंद आहे. मी गेलो त्या दिवशी त्याच अंगणात पदवी मिळालेल्या मुली डोक्यावर बेलाच्या नव्हे, लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून उभ्या होत्या, आणि मित्र भोवती ओरडून गाणं म्हणत होते. एकीची आजी पदर नसलेल्या कोटाच्या बाहीनंच डोळे पुसत होती.

गावात अजून पुष्कळ आहे. संत आंतोनीचं बॅसिलिका आहे. गोव्यातल्या शिवोलीच्या चर्चमध्ये 13 जूनला ज्याचं फेस्त होतं, तोच हा सांत आंतोन. पादुआत त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं ‘संत’ म्हटलं की पुरतं. शिल्पकार दोनातेल्लोनं घडवलेला घोडेस्वार समोरच्या चौकात आहे. जुन्या न्यायमंदिराखाली आजही भाजीबाजार आणि खाटकांची, चीजवाल्यांची दुकानं भरतात, आणि वर दिवाणखान्यात एक काळा दगड आहे. दिवाळखोराला लोकांसमोर त्याच्यावर तीनदा आपटून बसावं लागे आणि ‘माझं सगळं सोडलं’ असं म्हणावं लागे. मग तुरुंग टळे. कर्जबाजारी माणसांना तुरुंगात डांबू नये असा कायदा 1231 साली झाला, तो याच संत आंतोनीनं रदबदली केल्यामुळे.

शेवटी एका जागी जा. स्क्रोव्हेन्यी चॅपेलच्या शेजारीच एरेमितानी चर्च आहे. तिथे एका दालनात चित्रकार मान्तेन्यानं तरुणपणी काढलेली चित्रं होती. 11 मार्च 1944 रोजी त्यावर बॉम्ब पडले. जॉत्तोचं चॅपेल शंभरेक पावलांवर, ते वाचलं. मान्तेन्याच्या भिंती चुरा झाल्या. काही भाग आधीच उतरवून नेलेले होते तेवढे राहिले. माणसांनी ढिगाऱ्यातून हजारो तुकडे वेचले, पेट्यांत भरले आणि पन्नासहून अधिक वर्षं सांभाळले. पुढे गणिताच्या आणि संगणकाच्या मदतीनं प्रत्येक तुकड्याची जागा शोधली. नष्ट होण्याआधी घेतलेला काळापांढरा फोटो भिंतीएवढा मोठा करून लावलाय आणि त्यावर खरे तुकडे जिथल्या तिथे बसवलेत. सबंध भिंत करडी. मध्येच नखाएवढा एक लाल तुकडा, तो एका सैनिकाच्या अंगरख्याचा. पलीकडे कुणाच्या तरी गालाचा.

जवळ जाऊन पाहा.

नमस्कार.