छापा घालून मुलं वाचवता येतात का?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या उकाड्यात आलेल्या मंडळींनो,

आधी एक खुलासा करते. पत्रिका छापायच्या आधी संयोजकांपैकी एकाचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, 'बंदिस्त पंथ आणि बालसंरक्षण' असं छापलं तर पहिल्या दोन रांगा भरतील. 'एक नवरा, सत्तर बायका' असं छापू का?" मी म्हटलं, छाप की. सभागृह भरेल, आणि निम्मे पुरुष वही-पेन घेऊन येतील. (हशा)

हसा, पण माझी तक्रार खरी आहे. मी आयुष्यभर कोर्टात कौटुंबिक प्रकरणं चालवली. एफएलडीएस या बहुपत्नीत्व पाळणाऱ्या अमेरिकन पंथाचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. तेव्हापासून ज्याला सांगावं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: बायका किती? वॉरन जेफ्स या त्यांच्या 'प्रेषिता'ला, म्हणजे पंथप्रमुखाला, सत्तरच्या वर होत्या. झालं समाधान? आता मला सांगा, त्या पंथाच्या गावातली मुलं कुठल्या शाळेत जात होती, हे आजवर कुणी विचारलंय? मी तरी अजून ऐकलेलं नाही.

बरं, पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहेच, फार लांबवत नाही. युटा आणि अ‍ॅरिझोना या राज्यांच्या हद्दीवर हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी ही जोडगावं आहेत. जुनं नाव शॉर्ट क्रीक. हद्दीवर राहण्याचे फायदे चंदगड-बेळगावकडच्या मंडळींना मी काय सांगायचे! (हशा) आणि कृपा करून यांना 'मॉर्मन लोक' म्हणू नका. मॉर्मन हा अमेरिकेतला मोठा ख्रिस्ती संप्रदाय. मुख्य मॉर्मन चर्चनं १८९० साली बहुपत्नीत्व सोडलं. ज्यांना ते पटलं नाही, त्यांच्यातून हे पंथ निघाले. सरसकट बोललं की मुख्य चर्चचे लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

तिथला कारभार ऐका. राहतं घर तुमचं नाही, पंथाच्या न्यासाचं. लग्न प्रेषित ठरवणार. एखाद्या पुरुषावर त्याची मर्जी खप्पा झाली, तर त्याची बायको आणि मुलं उचलून दुसऱ्याच्या पदरात घालणार. म्हणजे काल रात्री ज्याला बाबा म्हटलं तो आज बाबा नाही, आडनावही बदललं. मुलग्यांचं आणखी वेगळं. एकेका म्हाताऱ्याला दहा-दहा बायका हव्यात म्हटल्यावर तरुण पोरं जास्तच होणार. मग क्षुल्लक कारणावरून त्यांना गावाबाहेर काढायचं. अशी शेकडो पोरं रस्त्यावर आली. शिक्षण अर्धवट, बाहेर ओळखीचं कुणी नाही, आणि आईनंही बोलायचं नाही असा हुकूम.

आता मुलं सोडवायला घातलेल्या छाप्यांकडे येते. पहिला: २६ जुलै १९५३, रविवारची पहाट. अ‍ॅरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी शंभरावर पोलीस शॉर्ट क्रीकमध्ये घुसवले. मुहूर्त कसला, तर खग्रास चंद्रग्रहणाचा! अंधार असेल, कुणाला पत्ता लागणार नाही, असा हिशेब. ग्रहणात शुभकार्य करू नये हे त्यांना सांगायला आपली आजी तिथे नव्हती. (हशा) गावाला बातमी आधीच लागली होती. पोलीस पोचले तेव्हा माणसं शाळेच्या आवारात जमून गाणी म्हणत उभी होती. समोर बंदूकधारी पोलीस, इकडे गाणारी लेकुरवाळी बाई! फोटो देशभर छापून आले आणि वारं फिरलं. २६३ मुलं ताब्यात घेतली होती. पावणेदोन वर्षांत बहुतेक सगळी परत गावात. पुढच्याच वर्षी पाइल निवडणूक हरले.

खरं नुकसान नंतर झालं. त्या हद्दीवरच्या राजकारण्यांनी एक धडा घेतला: शॉर्ट क्रीकच्या वाटेला जायचं नाही. जवळजवळ पन्नास वर्षं कुणी फारसं गेलंही नाही. त्या पन्नास वर्षांत किती तेरा-चौदा वर्षांच्या मुली 'बोहल्यावर' चढल्या, याची मोजदाद कोण करणार? फसलेल्या छाप्यानं त्या गावाला कवच मिळालं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं, पण माझ्याकडे अजून वेळ आहे. (अध्यक्ष घड्याळ दाखवतात. हशा.) थोडा आहे.

दुसरा छापा टेक्सासमधला. पंथानं एल्डोराडो गावाजवळ मोठं आवार उभारलं होतं, दगडी मंदिरासह. मार्च २००८ च्या अखेरीस एका मदतवाहिनीवर फोन आला: मी सोळा वर्षांची, आत कोंडून ठेवलंय, मारहाण होते. ३ एप्रिलला पोलीस आत शिरले. ही मुलगी काही सापडेना. सापडणार कशी? फोन करणारी कोलोरॅडो राज्यातली एक प्रौढ बाई होती, आवारात तिनं कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं! पण तोवर यंत्रणेनं मुलं बाहेर काढली होती. एकदोन नव्हे, सगळी. ४३९.

इथे वकील म्हणून मला राहवत नाही. सॅन अँजेलोच्या न्यायालयात सुनावणी, मुलांच्या वतीनं शेकडो वकील, कोर्ट अपुरं पडलं म्हणून शहराच्या सभागृहात पडदा लावून कामकाज दाखवलं. एकेक वकील उठून म्हणतोय, "माझीही हरकत!" मुलांना नाव विचारलं तर आज एक, उद्या दुसरं. आई कोण, तर चार बायका पुढे. शेवटी न्यायाधीशांनी डीएनए तपासणीचा आदेश दिला. अल्पवयीन म्हणून ताब्यात घेतलेल्यांपैकी कित्येकजणी सज्ञान निघाल्या. आणि राज्याचा मुद्दा काय, तर ही सगळी वस्ती म्हणजे एकच घर, म्हणून दूधपित्या मुलग्यालाही धोका. २२ मे रोजी अपील न्यायालयानं हे खोडून काढलं, आठवड्यानं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. जूनच्या सुरुवातीला मुलं परत.

तुम्ही म्हणाल, म्हणजे आत काही नव्हतंच. थांबा. त्याच वर्षाच्या शेवटी टेक्सासच्या बालसंरक्षण खात्याचा अहवाल आला. आवारातल्या १२ ते १७ वयाच्या ४३ मुलींपैकी १२ जणींची 'लग्नं' १२ ते १५ या वयात लावलेली होती. चौघींत एकीहून जास्त! धोका खरा होता. पण तो ज्यांना होता त्यांची नावं घेऊन कोर्टात जायचं सोडून यंत्रणा सगळ्या गावावर गेली, आणि त्या बारा जणी ४३९ च्या गर्दीत हरवल्या.

(चिठ्ठी येते.) हो, मिळाली. सात मिनिटं. मुख्य विषय अजून राहिलाय: मग करायचं काय? भराभर सांगते.

पहिलं: माणूस पकडा, पंथ नको. टेक्सासच्या त्याच छाप्यात जन्मनोंदी, लग्नांच्या याद्या, जेफ्सच्या आवाजातल्या ध्वनिफिती मिळाल्या. तीन वर्षं शांतपणे एकेका आरोपीवर खटला चालला. जेफ्सविरुद्ध डीएनएचा अहवाल आला, ऑगस्ट २०११ मध्ये जन्मठेप आणि वर वीस वर्षं. या शिक्षेवर 'धर्मावर घाला' असं फारसं कुणाला ओरडता आलं नाही. आपल्याकडे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हीच ओरड होती, सरकारनं आमच्या घरात नाक खुपसू नये. मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय वाढवलं किती? दहाचं बारा! तो इतिहास तुम्हाला पाठ आहे, पुढे जाते.

दुसरं: मूल बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडलं पाहिजे. २००० साली जेफ्सनं सगळ्यांची मुलं सरकारी शाळेतून काढायला लावली. मला विचाराल तर धोक्याची घंटा तीच होती. शाळेतली बाई, दवाखान्यातली नर्स एवढ्यांनी तरी मूल पाहिलं पाहिजे. जेफ्स तुरुंगात गेल्यावर सॅम्युअल बेटमन नावाचा नवा 'प्रेषित' निघाला. ऑगस्ट २०२२ मध्ये महामार्गावर त्याच्या गाडीमागच्या बंद ट्रेलरच्या फटीतून लहान मुलांची बोटं कुणाला तरी दिसली, त्यानं पोलिसांना कळवलं. २०२४ मध्ये बेटमनला ५० वर्षांची शिक्षा झाली. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या आपल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असं काही कळलं तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. या सभागृहात किती जणांनी तो कधी फिरवलाय, हात वर करायला सांगत नाही.

तिसरं: सुटल्यावर जायचं कुठे? बेटमनच्या घरातून नऊ मुली काढल्या, त्यांतल्या आठ बालगृहांतून पळाल्या आणि दूर वॉशिंग्टन राज्यात सापडल्या, त्याच्याच एका 'बायको'च्या गाडीत. त्यांना बाहेर आपलं असं कुणी नव्हतं. म्हणून घर लागतं. २००५ पासून कोर्टानं तो न्यास पंथाच्या हातून काढला, घरं हळूहळू लोकांच्या नावावर झाली. २०१४ मध्ये हिल्डेलमध्ये सरकारी शाळा पुन्हा उघडली. २०१७ मध्ये तिथे महापौर म्हणून पंथ सोडलेली एक बाई निवडून आली. आपल्याकडे जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला तो याच कारणानं: माणसाला बाहेर टाकण्याची भीती गेली की तो बोलतो.

शेवटचं, दोन वाक्यांत. २०२० मध्ये युटानं सज्ञानांच्या राजीखुशीच्या बहुपत्नीत्वाची शिक्षा वाहतुकीच्या दंडाइतकी खाली आणली. जबरदस्ती किंवा अल्पवयीन मुलगी असेल तर मात्र गुन्हा गंभीरच ठेवला. हेतू असा की, आईला स्वतःच्या अटकेची भीती नसेल तर ती मुलीसाठी पोलिसांकडे जाईल. पंथातून सुटलेल्या बऱ्याच बायकांनी याला कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या मते असल्या घरात राजीखुशी नावाची गोष्टच नसते. मला कायदा पटतो आणि त्यांचा मुद्दाही खोडता येत नाही. यावर भांडायचं असेल तर प्रश्नोत्तरांत भांडू. चहा बाहेर तयार आहे, असं चिठ्ठीच्या मागे लिहिलंय.