साखर तपासताना बोट की हात?

श्रोतेहो, नमस्कार. घरच्या घरी साखर तपासायची असेल, तर रक्ताचा थेंब शरीराच्या कोणत्या जागेवरून घ्यावा, या एकाच प्रश्नावर आज मी आपल्याशी बोलणार आहे. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घेण्याचे काम मी २६ वर्षे केले. आपल्या इंदूरच्या रामबागेतून, नारायण बागेतून, सुदामा नगरातून येणारी मंडळी बोट पुढे करता करता मला हमखास विचारीत, "ताई, बोटाऐवजी दुसरीकडून नाही का घेता येणार?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. दिवसातून तीन-चार वेळा ज्याला टोचून घ्यावे लागते, त्याला त्याच बोटांनी तव्यावरची पोळी उलटायची असते, मिरची चिरायची असते, शर्टाचे बटण लावायचे असते, आणि प्रत्येक वेळी ती बारीक जखम आपली आठवण करून देते.

उत्तर मी आधीच सांगून टाकते. दुसरीकडून रक्त घेता येते, पण सर्व वेळी नाही. साखर स्थिर असेल तेव्हा तळहात किंवा कोपराखालचा हात चालू शकतो. साखर वेगाने चढत किंवा उतरत असेल तेव्हा मात्र बोटच. हे वाक्य मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण रेडिओवर ऐकलेले उलटून वाचता येत नाही.

याचे कारण थोडक्यात असे. बोटांच्या टोकांना केशवाहिन्यांचे जाळे दाट असते आणि तिथे रक्त वेगाने खेळते, त्यामुळे शरीरातल्या साखरेत झालेला बदल तिथे लगेच उमटतो. कोपराखालचा हात, दंड, मांडी, पोटरी या जागी त्वचेतला रक्तप्रवाह संथ असतो, म्हणून तिथला आकडा बोटाच्या आकड्यापेक्षा वीस ते तीस मिनिटे मागे राहू शकतो. तळहातावर अंगठ्याखाली जो मांसल भाग असतो आणि करंगळीखाली जो उंचवटा असतो, तिथला रक्तपुरवठा बोटाच्या बराच जवळ जाणारा आहे. एवढे लक्षात ठेवून आता माझ्या आत्याची गोष्ट ऐका, कारण हा वीस-तीस मिनिटांचा फरक म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नव्हे, तर तिच्या हातावरून समजले.

माझी आत्या सतार वाजवते. वयाच्या सत्तरीतही दुपारी चार-पाच मुले तिच्याकडे शिकायला येत असत. सतारीत डाव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा तारेवर सतत घासत असतात, मींड घेताना तार बाजूला खेचावी लागते, आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने त्या दोन बोटांवर घट्टे पडतात. उजव्या तर्जनीत मिजराब, म्हणजे तार छेडायची नखी, असते. तिला इन्सुलिन सुरू झाले आणि बोटे टोचण्याची वेळ आली, तेव्हा तिने डाव्या तर्जनीपासूनच सुरुवात केली. घट्ट्यातून रक्त येईना, म्हणून सुई आणखी खोल लावली, आणि दुसऱ्या दिवशी तारेवर बोट ठेवताच तिच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे कोणीतरी तिला सांगितले की हातावरूनही तपासता येते. तिच्या टोचणीच्या पेनाबरोबर हातासाठीचे पारदर्शक टोपण आलेलेच होते. ते लावून ती कोपराखाली टोचू लागली. दुखणे जवळपास थांबले. सकाळी उपाशीपोटी असो, जेवणानंतर असो, रात्री असो, ती प्रत्येक वेळी हातावरूनच तपासू लागली, आणि मी स्वतः या कामातली असूनही तिला कधी टोकले नाही. याची बोच मला अजून आहे.

त्या वर्षी गणपतीत संध्याकाळी मी तिच्या घरी आरतीला गेले होते. आत्याने साडेसातला, जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असते तसे, आपले इन्सुलिन घेतले. तेवढ्यात शेजारची दोन कुटुंबे आली, मग आणखी कोणाची वाट पाहणे झाले, आणि आरतीला उभे राहायला साडेआठ वाजून गेले. पान वाढलेले नव्हतेच. आरती सुरू झाली. आत्याच्या हातात झांज होती. दुसऱ्या आरतीच्या मध्यावर झांज चुकली. पुन्हा लागली, पुन्हा चुकली. श्रोतेहो, जिने साठ वर्षे लयीत काढली, तिची झांज चुकते म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळायला हवे होते. पण मी आधी तिच्या हाताकडे पाहिले आणि मग तिच्या कपाळाकडे. कपाळावर घामाचे बारीक थेंब होते, आणि ती समोरच्या निरांजनाकडे अशी पाहत होती, जणू ते कशासाठी लावले आहे हे तिला आठवत नव्हते.

तिला धरून खुर्चीवर बसवले. वहिनींनी धावत जाऊन मशीन आणले आणि नेहमीप्रमाणे हातावर टोचले. आकडा आला १०४. वहिनी म्हणाल्या, "साखर तर चांगली आहे हो, उकाड्याने झालं असेल." सर्वांना हायसे वाटले. मला मात्र तो आकडा आणि तो घाम यांचा मेळ लागेना. मी तिचा डावा हात ओल्या कापडाने स्वच्छ पुसला, कोरडा केला, आणि अनामिकेच्या कडेला, म्हणजे सतारीला न लागणाऱ्या बोटाच्या बाजूला, टोचले. आकडा आला ५६.

७० च्या खाली साखर गेली की ती कमी समजायची, हे इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. वहिनींनी मोदक पुढे केला. मी म्हटले, "मोदक नको, साखरपाणी करा." मोदकातले खोबरे आणि वरचे तूप साखरेला रक्तात पोहोचायला उशीर लावतात, त्या वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून देणे हेच बरोबर असते, अर्थात माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर. तसे नसेल, तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. आत्याने पाणी घोट घोट घेतले. पंधरा मिनिटांनी बोटावरून ७४ आले. आणखी पंधरा मिनिटांनी ९६ आले, आणि आत्या शुद्ध आवाजात म्हणाली, "अगं, मंत्रपुष्पांजली झाली का?"

आणि आता मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. ९६ आल्यावर, केवळ खात्री करून घ्यावी म्हणून, मी तिच्या हातावरही पुन्हा टोचले. हातावर आकडा आला ६६. आत्या सावरली होती, तिच्या गालांवर रंग आला होता, बोट ९६ सांगत होते, आणि हात मात्र अर्ध्या तासापूर्वीची हकीकत आत्ता सांगत होता. साखर कोसळत असताना त्याने सर्व ठीक असल्याचे सांगितले, आणि साखर सावरल्यावर ती कोसळल्याचे सांगितले. मशीन बिघडलेले नव्हते. स्ट्रिप खराब नव्हती. जागा चुकीच्या वेळी निवडली गेली होती.

म्हणून पुन्हा सांगते. साखर वेगाने बदलत असेल तेव्हा बोट. वेगाने बदलण्याच्या वेळा कोणत्या? जेवणानंतरचे दोन तास, इन्सुलिन घेतल्यानंतरचा काळ, भरभर चालून आल्यानंतर, आणि ताप किंवा आजारपण असताना. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ यांपैकी काही जाणवले तर बोट. गाडी चालवायला बसण्यापूर्वी बोट. ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होत नाही, त्यांनी तर हात हा पर्याय धरूच नये. लक्षणे जाणवत असताना मशीन जवळ नसेल, तर आकड्याची वाट न पाहता आधी साखर घ्यावी. सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणाच्या अगदी आधी, साखर स्थिर असताना, हात किंवा तळहात चालेल, तेही आपल्या मशीनच्या पुस्तिकेत त्या जागेला परवानगी दिलेली असेल तरच; सर्व मशीन त्यासाठी बनवलेले नसतात. हात चोळून गरम केल्याने फरक थोडा कमी होतो, पण पूर्ण जात नाही, त्यामुळे चोळण्यावर विसंबू नये.

उपवासाबद्दलही एक शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना न विचारता चतुर्थी धरणे मला मान्य नाही, आणि घरातल्यांनी आग्रह करून ती धरायला लावणे तर त्याहून मान्य नाही. देवापुढे उभे राहायला आधी पायांत बळ हवे.

आता बोटच टोचायचे, तर ते कसे? बोटाच्या मधोमध, जिथे ठसा उमटतो, तिथे मज्जातंतू दाट असतात, म्हणून तिथे टोचू नये. नखाच्या दोन्ही बाजूंना जी कड असते तिथे टोचावे. कडेला टोचावे, मधोमध नाही. अंगठा आणि तर्जनी दिवसभर कामात असतात, त्यांना शक्यतो सोडावे. मध्यमा आणि अनामिका बऱ्या. बोट आणि बाजू रोज बदलावी, नाहीतर तिथली कातडी जाड होते आणि सुई आणखी खोल लावावी लागते. सुई दर वेळी नवी घ्यावी, आणि एकाची दुसऱ्याने कधीही वापरू नये.

टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. हे मी आग्रहाने सांगते, कारण आपल्या शहरात सकाळ पोहे-जलेबीने होते. प्रयोगशाळेत एक गृहस्थ घरच्या मशीनचा २६० आकडा घेऊन घाबरेघुबरे आले होते. त्यांच्या बोटांना जलेबीचा पाक लागलेला मला दिसत होता. हात धुवायला लावून मी तपासले, तेव्हा आकडा १४१ आला. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवल्याने असा पाक खात्रीने जात नाही. पाणी आणि साबण हवाच. पाणी कोमट असेल तर रक्तही चटकन येते. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून क्षणभर थांबावे, बोट मुळापासून टोकाकडे हलके चोळावे, पण टोक कचकचून पिळू नये, कारण त्यामुळे रक्तात पेशींमधला द्रव मिसळतो आणि आकडा चुकू शकतो.

काही जागा अजिबात नकोत. नवजात बाळाची टाच टोचतात हे पाहून कोणी पायाचे बोट पुढे करते. मधुमेह असलेल्या मोठ्या माणसाने पायाला कधीही टोचू नये. पायाची संवेदना मंदावलेली असेल तर जखम कळत नाही आणि ती चिघळते. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्यांची जोडणी, केलेला आहे तो हात, आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या बाजूच्या हाताला सूज राहते तो हात, या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सूज, जखम, तीळ असलेल्या जागाही सोडाव्यात.

आत्याने त्यानंतर डाव्या आणि उजव्या अनामिकेच्या कडा ठरवून घेतल्या, आणि उपाशीपोटीच्या तपासणीसाठी, डॉक्टरांच्या संमतीने, तळहाताचा करंगळीखालचा उंचवटा. तिची सतार सुटली नाही. रागांच्या बंदिशी उतरवलेल्या तिच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानांवर ती साखरेचे आकडे लिहिते: तारीख, वेळ, आकडा, आणि आकड्यापुढे एक अक्षर. 'बो' म्हणजे बोट, 'त' म्हणजे तळहात. तिच्या डॉक्टरांनी ती दोन अक्षरे पाहून वही पुन्हा पहिल्यापासून चाळली होती. आपणही आकड्यापुढे जागा लिहून ठेवा. नमस्कार.