उजवी बाजू पोस्टाची

[दृश्य : ट्रेडल मशीन चालू. एक हात कोरं कार्ड आत सरकवतो, दुसरा छापलेलं बाहेर काढतो.]

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातलं वाचनालय. व्याख्यानमाला तोंडावर आली आहे. वक्ते ठरले, मंडपवाल्याला विसार पोचला. आता सभासदांना निमंत्रणं जायची आहेत, आणि ती पोस्टानं, कार्डावरच जाणार.

[दृश्य : कार्डाचा क्लोजअप, शेजारी लोखंडी पट्टी.]

लांबी १४ सेंटिमीटर, रुंदी ९. भारतात पोस्टकार्ड आलं ते १ जुलै १८७९ ला. एवढ्याशा पुठ्ठ्यावर दोघांची मालकी चालते. मागची बाजू पाठवणाऱ्याची. पुढची डावी अर्धीही त्याचीच. उजवी अर्धी मात्र पोस्टाची. पत्ता, तिकीट आणि शिक्का, एवढंच तिथं. बाकी काही नाही, अगदी 'श्री' सुद्धा नाही.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर रंगीत निमंत्रण. चारी बाजूंनी वेलबुट्टी.]

ही फाइल शहरातून आली. दिसायला देखणी. छापखान्याचे मालक चष्मा कपाळावर सरकवतात आणि डिझाइन करणाऱ्या पोराला फोन लावतात. "अरे बाबा, वेल सुंदर आहे. पण पोस्टमननं पत्ता शोधायचा कुठं, पानांत की फुलांत?"

मग काटछाट सुरू होते. उजवीकडची वेल गेली. वाचनालयाचं बोधचिन्ह वर उजव्या कोपऱ्यात होतं, ते खाली डावीकडे आलं, कारण शिक्का नेमका त्या कोपऱ्यात बसतो आणि बोधचिन्हाच्या कपाळी काळा डाग येतो. मागच्या बाजूला गर्द जांभळा रंग होता, त्यावर सही उमटेना, तोही गेला. गुळगुळीत कागद तर मालकांनी आधीच बाद केला होता. त्यावर बॉलपेन घसरतं, शिक्क्याची शाई पुसली जाते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. तो ठळक अक्षरात, मधोमध होता. घाईत वर्गवारी करणाऱ्याची नजर आधी ठळक अक्षराकडेच जाते, आणि वाचनालयानं पाठवलेलं कार्ड दोन दिवसांनी वाचनालयातच हजर! म्हणून तो डाव्या कडेला, बारीक टायपात.

[दृश्य : वाचनालयातलं लांब टेबल. तीन-चार जण पत्ते लिहीत आहेत. पिनकोडच्या सहा चौकटी.]

या सहा चौकटींमागे एक मराठी माणूस आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्टखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. महाराष्ट्रात वडगावं किती आणि पिंपळगावं किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्यांची गरज समजावून सांगावी लागत नाही. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट ऑफिस. सांगली शहराचा तर लक्षात ठेवायलाही सोपा : ४१६४१६.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या ग्रंथपाल बाई प्रत्येक चौकटीत एकच आकडा घालायला सांगतात. एक सात खालच्या रेघेला टेकून चारासारखा दिसला. बाईंनी कार्ड बाजूला काढलं. "काका, हे पुन्हा लिहा."

[दृश्य : वहीवरचा हिशोब. पेनचं टोक दोन आकड्यांवर थांबतं.]

आता खरी गोष्ट. कार्डावर मजकूर हातानं लिहिला, तर ५० पैसे. तोच मजकूर छापला की ते 'छापील पोस्टकार्ड' ठरतं आणि दर होतो ६ रुपये. कार्ड तेवढंच, पोस्टमन तोच, गल्लीही तीच. पाचशे सभासदांना हातानं लिहिलेली निमंत्रणं अडीचशे रुपयांत जातात, छापलेली तीन हजारांत. बड्या कंपन्यांच्या जाहिरातींसाठी हा दर ठीकच आहे. पण गावच्या वाचनालयालाही तोच?

गंमत म्हणजे जाहिरातीचं वावडं पोस्टाला कधीच नव्हतं. २००२ साली खात्यानं स्वतःच मेघदूत कार्ड काढलं. पत्त्याशेजारची डावी बाजू जाहिरातदाराला, आणि लोकांना कार्ड २५ पैशांत.

[दृश्य : पाकिटं, त्यात पत्रिका आणि अक्षता.]

छापखान्यात लग्नपत्रिकाही होतात. तिथं भानगड वजनाची. साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. जाड पुठ्ठा, वर अक्षतांची पुडी, आणि पाकीट पुढच्या टप्प्यात जातं. तिकीट कमी पडलं तर तुटीच्या दुप्पट पैसे पत्रिका घेणाऱ्याकडून वसूल होतात. आमंत्रण आपलं आणि दंड व्याह्यांना! म्हणून मालक पहिली पत्रिका काट्यावर ठेवतात, मगच कागद ठरवतात.

[दृश्य : सुतळीनं बांधलेले गठ्ठे. पोस्टाची खिडकी.]

सगळे पत्ते एका दिशेला, पिनकोडप्रमाणे वेगळे गठ्ठे. टपालाची पिशवी बंद व्हायच्या आत ते खिडकीवर पोचले.

आसपासच्या काही संस्थांनी कार्डं सोडली, निमंत्रण व्हॉट्सॲपवर टाकलं. या वाचनालयाच्या कार्यकारिणीनं यंदा मधला मार्ग काढला. देणगीदारांना छापील कार्ड, बाकी सभासदांना हातानं लिहिलेलं. अक्षर चांगलं असलेल्यांची यादी ग्रंथपाल बाईंनी फळ्यावर लावली आहे, आणि तिच्यात अध्यक्षांचं नाव नाही.