माप घेणारी मावशी

(रंगमंच. निळा प्रकाश, व्हायोलिन-चेलोचे संथ सूर.)

पांढऱ्या पिसांचा पोशाख घातलेली नर्तकी पायाच्या बोटांवर तोल सावरत, थरथरत पुढं येते. बॅलेमधला हा सुप्रसिद्ध मरणारा हंस. मिखाईल फोकिननं तो ॲना पाव्हलोव्हासाठी बसवला होता. पण इथं पावलागणिक हंसाची पिसं गळतायत. आधी एखादं, मग मूठभर, मग ओंजळभर. आणि नीट बघा, या हंसाचे दंड पैलवानासारखे भरलेले आहेत. नर्तकी पुरुष आहे.

ही मंडळी न्यूयॉर्कची. १९७४ साली सुरू झालेली ले बॅले ट्रोकाडेरो द मॉन्टे कार्लो. सगळे पुरुष, आणि बॅलेतल्या नायिकाही तेच नाचतात. प्रेक्षक पहिल्यांदा हसतो तो गळणाऱ्या पिसांना. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात येतं, की हा नाच अस्सल आहे. एवढं अंग बोटांच्या टोकांवर तोलायचं, गिरक्या घ्यायच्या, आणि वर वेळ साधून हसवायचं. तालीम कच्ची असेल तर हा विनोद उभाच राहत नाही. इथं थट्टा नाचाची चाललेली नाही. नाचायचं कुणी, हे ठरवणाऱ्यांची चाललेली आहे.

ते ठरवणं जुनं आहे. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी टालिओनी ‘ला सिल्फीद’मध्ये वाऱ्यावर तरंगणारी परी झाली. वजन नसल्याचा भास निर्माण करणं ही तिची कला होती. पुढं भास बाजूला पडला आणि वजन नसणं हीच अट होऊन बसली. २००३ साली मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरनं अनास्तासिया वोलोच्कोव्हाला काढलं. कारण काय, तर ती जड आहे, जोडीदाराला ती उचलवत नाही. ती कोर्टात गेली आणि कोर्टानं तिला परत घ्यायला सांगितलं.

क्युबात बॅलेला मोठा मान. तिथंच हवानात, १९९६ साली, हुआन मिगेल मास या धिप्पाड नर्तकानं ‘दान्सा वोलुमिनोसा’ ही स्थूल नर्तकांची मंडळी काढली. बारीक माणसांचे नाच जाड माणसांवर चढवण्यापेक्षा त्यांनी भरल्या अंगाला शोभेल, गुडघ्यांना पेलवेल अशी चाल शोधली. त्यांच्या कामात विनोद आहे आणि शोकांतिकाही आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जाड माणसाला रंगमंचावर रडायची मुभा आपण कितीदा देतो?

(बेळगाव, वडगाव. गल्लीतून मागांचा खटखटाट.)

आपल्याकडचं बघू. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातले, १८४३ साली गुर्लहोसूरला जन्मलेले. त्यांच्याच मंडळीत पुढं बालगंधर्व आले, आणि घरंदाज बायका एका पुरुषाचं बघून लुगडं नेसायला शिकल्या. पुढं त्यांचं वय झालं, अंग सुटलं, तरी ते नायिकाच राहिले. लोकांनी गाणं ऐकलं, कंबर मोजली नाही. हा मोठेपणा आपल्या प्रेक्षकात होता, पण तो मिळाला पुरुषाला. नाचणाऱ्या बाईच्या वाट्याला तो कधी आला नाही.

वडगावातल्या देवळामागच्या सभामंडपात संध्याकाळी काही बायका जमतात. कुणी शिवणकाम करते, कुणाचं खानावळीचं काम. दोघी घरी कन्नड बोलतात, इथं मराठी. गणपतीत एक हसवणारा नाच बसवायचाय.

“गॅदरिंगला मला कायम झाड करायचे,” त्यातली एक सांगते. “नाचात कधी घेतलं न्हाई. आता मी नाचतो की. कोण अडवतंय बघूया.”

मोबाइलवर त्यांनी ‘स्वान लेक’मधला चार लहान हंसांचा नाच बघितला. चौघी हातांची अढी घालून, एका ओळीत, एका ठेक्यावर माना वळवतात. बघताक्षणी एकजण ओरडली, “अगं, ही तर फुगडीची पकड!” तिथून नाच सुरू झाला. काष्टा घातलेल्या चार भरभक्कम हंसिणी. उड्या काढून टाकल्या, त्या जागी झिम्म्याचा पदन्यास आला. हलगी आहे. चौघींपैकी एकीचंही पाऊल चुकून चालत नाही, कारण हात अडकलेले, एक चुकली की चौघी कलंडतात. त्यामुळं त्या रोज तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घोटतात, घामानं निथळेपर्यंत.

मग गौळणीतली मावशी येते, डोक्यावरून पदर, गळ्यात शिंप्याची टेप. ही भूमिका तमाशात पुरुषाची, इथंही एका हंसिणीचा नवराच करतो. हंस व्हायचं तर कंबर किती, दंड किती, असं ती दरडावून विचारत फिरते.

सुरुवातीला या प्रवेशात एक खुर्ची होती. जाड हंसिणीनं बसायचं आणि खुर्ची मोडायची. तालमीत सगळे पोट धरून हसले. जिनं बसायचं होतं तीही हसली, पण दुसऱ्या दिवशी तालमीला आली नाही. खुर्ची त्याच दिवशी गेली. बरं झालं. तो विनोद लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये तिला फुकट ऐकायला मिळतोच, त्यासाठी रंगमंच कशाला?

आता चौघी हात न सोडता मावशीभोवती फेर धरतात. मावशी माप घ्यायला धावते, टेप या हातातून त्या हातात जाते, आणि हलगी चढत जाते तशी मावशीच गुंडाळली जाते. शेवटी तिचे हात अंगाशी बांधलेले, आकडे सांगायचे ते तोंडातच.

मंडळाचा कार्यकर्ता स्टेजचं माप घेऊन आलाय. विंगेची वाट दीड फुटाची. हात अडकवलेल्या चौघी तिथून आत येणार कशा? एकेकीनं या, तो सुचवतो.

“एकेकीनं न्हाई. चौघी एकदम येणार. बांबू सरकवा.”

कार्यकर्ता खिशातून पेन काढतो आणि दीडवर काट मारून पाच फूट लिहितो.