पर्मनंट आहे का?

(दृश्य: संक्रमण शिबिरातली खोली. खाटेवर तात्या, जमिनीवर भिंतीला टेकून नातू. मध्ये स्टीलची ताटली, तिच्यात दोन चहाचे कप.)

भांडण नातवाला सांगून आलेल्या बावीस हजारांच्या नोकरीवरून सुरू झालं. आम्ही अजून दिवे लावत होतो, माईक चालू झाला नव्हता, म्हणून पहिली दोन वाक्यं तुम्हाला ऐकू येणार नाहीत. तात्या म्हणाले, "बावीस हजार काय कमी आहेत का रे?" आणि नातू म्हणाला, "तात्या, तुम्ही नका बोलू पगारावर."

तात्या चौऱ्याहत्तर वर्षांचे. मूळ गाव पाटण तालुक्यात. १९७० साली गावच्याच एका माणसाबरोबर एसटीने मुंबईत आले. नातू चोवीस वर्षांचा, बी.कॉम. नावं घालू नका, असं दोघांनीही सांगितलंय. तात्यांना भाऊबंदांची काळजी, नातवाला एचआरची.

(दृश्य: ना. म. जोशी मार्ग. पत्र्याचं कुंपण, मागे क्रेन.)

या घरचा मूळ पत्ता बीडीडी चाळ, ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, बांधलेल्या या चाळी, खोली १६० चौरस फुटांची. त्या १६० फुटांत एके काळी तात्यांचं कुटुंब राहायचं, शिवाय पाळी बदलेल तसे आत-बाहेर करणारे गावचे तिघे जण. आता चाळ पाडली आहे आणि तिच्या जागी ५०० चौरस फुटांची मालकीची घरं व्हायची आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या, तेव्हापासून इकडच्या मंडळींना झोप नाही.

तात्यांच्या गिरणीच्या पगाराने हे घर उभं राहिलं, असं म्हणता येणार नाही. पगारामुळे ते मुंबईत टिकले आणि टिकल्यामुळे घर त्यांच्या नावावर लागलं. नातू आजच्या पगारात याच रस्त्यावर घर घ्यायला निघाला तर काय होईल, हा हिशोब आम्ही करून पाहिला आणि मग नाद सोडला.

(दृश्य: तात्यांचा चेहरा, जवळून.)

गिरणीत तात्या लागले ते 'बदली' म्हणून. नव्या प्रेक्षकांसाठी सांगतो, बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस तो बदली. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येऊन नाव पुकारणार. पुकारलं तर दिवस लागला. नाही तर चहा पिऊन घरी.

"सात वर्षं," तात्या म्हणतात. "सात वर्षं गेटवर उभा राहिलो. साचा खात्यात, मागावर घेतलं तेव्हा मला कायम केलं. तू किती उभा राहिलास?"

नातू बोटं मोजतो. बी.कॉम. झाला २०२२ साली. पहिली नोकरी कॉल सेंटरची, रात्रपाळी, आठ महिने. मग फोनवरून कर्ज विकायची. टार्गेट झालं नाही की पगाराच्या स्लिपवर लाल रेघ. मग पाच महिने बाईकवरून खाण्याची पार्सलं. शेवटी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात, एका ठेकेदाराच्या पेरोलवर. मध्ये पोलीस भरतीही करून झाली.

(दृश्य: पहाटेचं मैदान, धावणारी मुलं.)

त्या भरतीबद्दल जरा सांगायला हवं. जून २०२४मध्ये राज्यभर मैदानी चाचण्या सुरू झाल्या. जागा १७,४७१. अर्ज १७ लाख ७६ हजारांच्या घरात, म्हणजे एका जागेमागे शंभरावर. ऐन पावसात मुलं १६०० मीटर धावत होती, गोळा फेकत होती. त्यांत इंजिनीअर होते, एम.ए. होते. आमचा नातू गोळाफेकीत मागे पडला. पुढच्याच महिन्यात कलिन्याला विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती होत्या. मुलं हजारोंनी लोटली, ढकलाढकली झाली, आणि शेवटी अर्ज ठेवा नि घरी जा, असं सांगावं लागलं. त्या गर्दीत हाही होता. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ त्याने आम्हाला दाखवला. त्यात फक्त समोरच्या मुलाची पाठ दिसते आणि हात वर करून धरलेल्या फायली.

तात्यांनी तो व्हिडिओ पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "एवढी शिकलेली पोरं हमालीला कशाला जातात?"

याचं एक उत्तर आकड्यांत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दिल्लीच्या एका संशोधन संस्थेबरोबर २०२४मध्ये भारताचा रोजगार अहवाल काढला. त्यातले २०२२चे आकडे असे: लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. आकडा उलटा छापलाय की काय, असं वाटतं. पण ज्याच्या घरी चूलच पेटणार नाही तो बेकार राहूच शकत नाही. तो मिळेल ते करतो आणि सरकारी हिशोबात 'रोजगार असलेला' ठरतो. बेकार राहायलाही घरात कुणीतरी कमावतं लागतं, आणि पदवी होईपर्यंत पोसलेल्या पोराच्या घरी ते बहुतेक वेळा असतं.

नातवाच्या घरी ते कोण, तर आई. बाबाही कमावतात, पण त्यांनी कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला. बारा तासांची सिक्युरिटीची ड्युटी करतात, गिरणीच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. या मधल्या पिढीवर वेगळी फिल्म करावी लागेल. संपात त्यांची शाळा बुडाली आणि संप संपल्यावर त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

(दृश्य: ओट्यापाशी आई. पोळ्या लाटतेय, तोंड भिंतीकडे.)

आई दोघांच्या मध्ये पडत नाही. ती सोन्यात मोजते.

"मामंजींना एक्क्याऐंशी साली सहाशेच्या आसपास पगार होता. सासूबाई सांगायच्या, तीन पगार साठवले की एक तोळा. आता तोळ्याने लाख ओलांडला. याचे सहा पगार ओतले तरी माझ्या सुनेच्या गळ्यात तोळा पडेलच असं नाही." पोळी उलटते. "सून मिळाली तर. परवा एक स्थळ आलं होतं. मुलीच्या आईने काय विचारावं? पगार नाही विचारला. पर्मनंट आहे का, विचारलं."

राज्य सरकारनेही पदवीला एक भाव लावून दिलाय. २०२४मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार विद्यावेतन. आधी सहा महिन्यांसाठी, मग पाच महिने वाढवून. प्रशिक्षणच ते, नोकरी म्हणायचंच नाही, हे मान्य. तरी हा आकडा ऐकून नातू हसला. तात्या मात्र गंभीरपणे म्हणाले, "मग बावीस हजार दुपटीहून जास्त झाले की."

इथे आम्हालाही तात्यांचा राग आला, खरं सांगायचं तर. 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' हे प्रत्येक घरच्या ग्रुपवर फिरणारं वाक्य तोंडावर आल्यासारखं वाटलं. कॅमेरा बंद करून चहाला निघालो. खाली जिन्यात नातू म्हणाला, "यांनी संप केला होता हो. पगार वाढवा म्हणूनच केला होता ना? मग मला का गप्प बस म्हणतात?"

(दृश्य: बंद गिरणीची चिमणी. आजूबाजूला टॉवर.)

१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या. आणि १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याला विरोध. त्या कायद्याने मालकांशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता, मग कामगार कुणाच्याही मागे असोत. बोलणी होणार कुणाशी, यावरच गाडं अडलं. हा संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. लाखभर माणसं पुन्हा गेटच्या आत गेलीच नाहीत.

तात्या गेले.

हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, न विचारता. संपाचे पहिले महिने गावी काढले. तात्यांच्या बायकोची इथे खानावळ होती, आठ-दहा जण जेवायचे. ते सगळे उधारी ठेवून गावाला गेले आणि खानावळ बसली. १९८३च्या पावसाळ्यात घरातलं भांडंकुंडं विकून झाल्यावर तात्या एका पहाटे गेटवर गेले. मान खाली घालून आत शिरले. एका कागदावर सही करून घेतली, त्यावर काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. त्यांचे थोरले भाऊ त्याच खात्यात होते. ते गेले नाहीत. गावी परतले आणि तीन वर्षं तात्यांशी बोलले नाहीत.

नातवाला हे माहीत नव्हतं. तुम्हाला पडद्यावर त्याचा जो चेहरा दिसतोय, तो आम्ही कापलेला नाही, पूर्ण लांबीचा ठेवलाय.

"मी गेलो म्हणून तुझा बाप जेवला," तात्या म्हणाले. "दादा गेला नाही, त्याचं पोरगं आजही गावात मजुरी करतंय. मागून मिळत नाही बाबा. मागायला गेलो तर होतं तेही गेलं."

पगार कमी की जास्त, हा वाद इतका वेळ चालला होता असं आम्ही समजत होतो. तात्यांच्या डोक्यात पगाराचा आकडा नव्हताच. मिळेल ते धरून ठेव, असं सांगणारा माणूस काटकसरी किंवा समाधानी असेलच असं नाही. तो हरलेला असू शकतो. तात्यांची गिरणी पुढे अठरा वर्षं रडतखडत चालली. २००१ साली स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन ते बाहेर पडले. आज प्रॉव्हिडंट फंडाचं पेन्शन येतं, महिन्याला दीड हजाराच्या आत. त्या पेन्शनचा किमान आकडा सरकारने २०१४ साली ठरवला, १ हजार रुपये. तो अजून तिथेच आहे.

(दृश्य: संध्याकाळ. खाटेवर कागद पसरलेले. तात्यांच्या हातात पेन्सिल.)

मग बावीस हजारांचा कागद बाहेर आला. अंधेरीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर, करार अकरा महिन्यांचा. वर्षाचे २ लाख ६४ हजार, 'सीटीसी', म्हणजे कंपनीला त्याच्यावर पडणारा एकूण खर्च. तात्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. नातू वाचत गेला, तात्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडत गेले.

बेसिक ११ हजार. त्यावर फंड १२ टक्के, १,३२०.

"बरोबर," तात्या म्हणाले. "आणि मालकाचे १,३२०?"

"ते पण यातलेच."

"यातले म्हणजे?"

"बावीस हजारातले. माझा हिस्सा पण आणि त्यांचा पण."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मालकाचा फंड तुझ्या आकड्यातून?"

सगळीकडे असंच असतं, असं नातवाने सांगितलं. मग ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, तोही दोन्ही बाजूंचा. व्यवसाय कर २०० रुपये. शेवटी पेन्सिल १७,८५०पाशी थांबली. हातात येणार ते एवढे. त्यातून लोकलचा पास, अंधेरी स्टेशनपासून शेअर रिक्षा, दुपारचं जेवण नेलं नाही तर तेही.

एक ओळ मात्र तात्यांना कळेना. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची रक्कम, ५२९ रुपये महिना.

"कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरल्यावर मिळते," तात्या म्हणाले. हे त्यांना पाठ आहे, स्वतःची मिळवायला दोन वर्षं खेटे घातलेत. "तुला किती ठेवणार?"

"अकरा महिने."

"मग हे पाचशे एकोणतीस कुणाचे?"

नातू काही बोलला नाही. ओट्यापाशी लाटणं थांबलं. तात्यांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला, मग त्याच्यावर अजून एक, कागद फाटेल इतका जोर देऊन.

"उद्या जाशील तेव्हा विचार त्यांना."

"तात्या, असं कुणी विचारत नाही."

"का नाही विचारत? तुझे पैसे आहेत."

"विचारलं तर दुसऱ्याला घेतील. खाली लाईन लागलेली असते."

तात्यांनी पेन्सिल खाटेच्या गादीखाली सरकवली. थोड्या वेळाने म्हणाले, "मी येऊ का तुझ्याबरोबर?"

नातू हसला. मग आईही हसली. तात्या हसले नाहीत, ते खरंच विचारत होते.

(दृश्य: सकाळ. अंधेरी. नातू एका काचेच्या दारातून आत जातो. कॅमेरा बाहेरच थांबतो.)

सही सोमवारी झाली. ते पाचशे एकोणतीस त्याने विचारले का, हे आम्ही त्याला विचारलं. "पुढच्या वेळी," म्हणाला.